डाव्या पायाचा अंगठा

मॅडम, तुमची कबर मी पाहिलेली नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमच्या घरी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. बाहेर पुरुषांनी जनाजा उचलला तेव्हा सगळ्या उठल्या, मीही उठले, आणि आम्ही दारापर्यंत जाऊन थांबलो. पुढं जायचं नसतं हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मग तुमच्या वहिनींनी मला चहा दिला आणि हळूच विचारलं, "तू तिच्याकडची ना गो? तिची कंबर खरंच एवढी दुखायची?" मी हो म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. माझ्या घरीही माझा पाय लुळा पडेपर्यंत कुणाला काही कळलं नव्हतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या अपंग मुलांच्या सेंटरवर तुम्हाला पाहिलेलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. जे सांगायचं आहे ते समजेल असं दुसरं माणूसही उरलेलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

फिजिओथेरपी नुकती पास होऊन मी तुमच्याकडे आले तेव्हा सेंटर धामणकर नाक्यामागच्या गल्लीत होतं. अजून तिथंच आहे. खाली लूमचा कारखाना, वर आपल्या दोन खोल्या. तुमच्या नात्यातल्या शेठनी त्या बिनभाड्यानं दिलेल्या, त्यामुळे जिन्याबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. तो लोखंडी जिना चढून आया मुलांना कडेवर घेऊन येतात, वर पोचल्या की भिंतीला टेकून दम खातात आणि मग मूल आपल्या हातात देतात. खाली लूम चालू असले की फरशी थरथरते. ज्या मुलांना बसल्या जागी तोल सांभाळता येत नाही, त्यांना आपण त्या थरथरत्या फरशीवर बसायला शिकवायचो. पहिल्याच दिवशी मी तसं बोलूनही दाखवलं. तुम्ही म्हणालात, "इथं बसायला शिकलं तर कुठंही बसेल." मग कोपऱ्यातल्या चटईवरची एक मुलगी दाखवलीत, सहाएक वर्षांची, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. "हिला मोठ्या बॉलवर घे." मी वाकले, तिला काखांत धरून उचललं, आणि तुमची चापट माझ्या पाठीवर बसली. चांगली जोरात. समोर चार आया बसलेल्या.

"कंबर मोडून घ्यायचीय का? कॉलेजात काय शिकवलं तुला?"

माझे कान तापले. गावाकडून आलेली, फी भरायला बापानं काय काय केलेलं, घरातली पहिली पदवीधर, आणि पहिल्या तासाला चापट. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. तुम्ही एक गुडघा चटईवर टेकलात, ओढणी खोचलीत, त्या मुलीला आधी कुशीवर वळवलंत, छातीशी घट्ट घेतलंत आणि मग पायांवर उठलात, पाठीचा कणा सरळ ठेवून. "मूल छातीशी. लांब धरलंस तर पोर दुप्पट जड होतं. आणि वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. तुला अजून तीस वर्षं हे करायचंय." मी मान डोलावली. तुम्ही मूल बॉलवर ठेवलंत आणि ठेवता ठेवता, जेमतेम क्षणभर, तुमचा हात कमरेवर गेला. मी पाहिलं होतं. तुम्हाला घाई असेल, ओढणी सारखी करत असाल, असं मला वाटलं.

तुम्ही शिकवलेलं सगळं बरोबर होतं. पुस्तकात आहे तसंच. पण पुस्तकातला माणूस खोकं उचलतो. खोकं हातात आल्यावर मागं ताठ होत नाही. ते लाळ गाळत नाही, केस ओढत नाही, आपला चेहरा पाहून आनंदानं अख्खं अंग धनुष्यासारखं ताणत नाही. आपली मुलं नेमकी आनंद झाला की ताठ होतात. छातीशी घेतलेलं मूल एकदम मागं फेकलं जातं आणि त्याला सावरायला कमरेतून वळावंच लागतं, आणि वळताना गुडघा, कणा, सरळ, तिरपं, काही आठवत नाही. आठवलं तर मूल पडेल. मग दिवसभर चटईवर बसणं, अर्धवट वाकून एका हातानं मुलाची कंबर धरणं आणि दुसऱ्यानं गुडघा, त्याच्या मागं मागं बेडकासारखं सरकणं. तुम्हाला हे सगळं माहीत होतं. म्हणून तर त्या दिवाळीला तुम्ही मला ते बुटकं स्टूल दिलंत. खालच्या कारखान्यात लूमची लाकडं दुरुस्त करायला येणाऱ्या सुताराकडून करून घेतलेलं, खाली चाकं, वर रेक्झिनची गादी. दुसऱ्या कुणाला साडी दिली असती. मला म्हणालात, "मुलाच्या मागं यावर बस. मला कुणी दिलं नव्हतं."

त्या वेळी तुमच्या कुर्त्याखाली कमरेचा पट्टा असायचा. मला तो जिन्यात कळला, तुम्ही पुढं होतात आणि मी मागून हात लावला तेव्हा. कपड्याखाली काहीतरी टणक लागलं. दुपारच्या चहाबरोबर तुम्ही गोळी घ्यायचात, बडीशेप खावी तशी, बोलता बोलता. "ॲसिडिटीची," म्हणायचात. मी फिजिओथेरपिस्ट होते मॅडम, रंग पाहून मला गोळी कळत होती. मी एकदा म्हटलंही, "एमआरआय काढू या ना." तुम्ही हसलात. "काढून काय होणार? काय निघेल ते तुलाही ठाऊक, मलाही ठाऊक. कागदावर आलं की घरचे म्हणणार, झालं आता, बस घरी. लूमवाल्याच्या घरातली बाई मी, मला कमवायची गरज नाही हे ते पहिल्यापासून म्हणतायत." मग तुमचे पाय सुजायला लागले. चेहरा सकाळी फुगलेला दिसायचा. पुढं उलट्या. डॉक्टरांनी किडनीचं सांगितलं आणि विचारलं, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय. तुम्ही सांगितलंत, मोजल्या नाहीत.

डायलिसिसला ठाण्याला जावं लागायचं. कशेळीच्या पुलाआधी ट्रक-कंटेनर लागलेले असायचे आणि तुम्ही गाडीत मागं आडव्या. दोन-तीनदा मी बरोबर होते. परत येताना एकदा तुम्ही म्हणालात, "सेंटरवरून जाऊ." मी नको म्हटलं. "वर नाही येत गो, खालूनच बघते." गाडी गल्लीत उभी केली, लूमचा आवाज चालू, आणि तुम्ही काच खाली करून वरच्या खिडकीकडे बघत बसलात. एक बाई मुलाला घेऊन जिना चढत होती. तुम्ही गाडीतूनच ओरडलात, "अगो, कडेवर एका बाजूला नको, पुढ्यात घे!" तिनं वळून पाहिलं, तुम्हाला ओळखलं नाही. मी तो दिवस कितीदा आठवला असेन. पूर्वी आठवायचा तेव्हा रडू यायचं. आता राग येतो. तुम्ही मला एक शिकवत होतात आणि दुसरं करून दाखवत होतात, आणि मी दुसरंच शिकले. चापटीपेक्षा माणूस बघून जास्त शिकतं. पट्टा बांधून काम करता येतं, गोळी घेऊन करता येतं, कुणाला न सांगता करता येतं, हे मी तुमच्याकडून शिकले.

तुमच्यानंतर सेंटर चालवणाऱ्या ट्रस्टनं ते माझ्याकडे दिलं. मुलं वाढली, माणसं वाढली नाहीत. नव्या मुली येत, वर्षभरात दुसरीकडे जात; मोठ्या हॉस्पिटलात पगार बरा आणि पेशंट खुर्चीवर बसलेला. माझी कंबर केव्हा धरायला लागली ते मला सांगता येणार नाही. मग डाव्या कुल्ल्यातून एक तार नडगीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत जायला लागली. शिंकलं की चमक. मी स्वतःच स्वतःला व्यायाम दिले, शेक घेतला, पट्टा आणला. दुखणं पुढच्या वर्षी आपोआप कमी झालं आणि मला वाटलं, बरं झालं. नस दबून दबून दुखायची थांबते तेव्हा ती बरी झालेली नसते, हे मी दुसऱ्याला सांगितलं असतं.

मला ते कळलं एका छोट्या मुलीमुळं. ती आजीबरोबर अंबाडीच्या पुढच्या गावातून यायची, बोलायला नुकती लागलेली. मी दारातून आत येऊन चटईपर्यंत पोचले तर ती बोट दाखवून म्हणाली, "ताई, तुमची चप्पल तिथंच र्‍हायली." मी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी. चप्पल दाराशी उलटी पडलेली. मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. तिची आजी हसली, "ध्यान न्हाय हाय ताईचा आज." मीही हसले. मग आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि डाव्या पायाचा अंगठा वर उचलून बघितला. तो उचलला गेला नाही. मी त्याच्याकडे बघत होते, सांगत होते, आणि तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून होता.

त्या दिवशी मी डॉक्टरकडे गेले असते तर, हा विचार मी आता करत नाही. त्या दिवशी बाहेर मुलं थांबली होती.

त्यातलाच एक मुलगा. तुम्ही तो पाहिला नाहीत, तुमच्या नंतरचा. त्याचा बाप लूमवर, आई बिहारकडची, घरात दुसरं कुणी नाही. दहा महिन्यांचा होता तेव्हा आला, मान धरत नव्हता. मान धरायला शिकला, बसायला शिकला, धरून उभा राहायला शिकला. चालायला नाही. त्याची उंची मात्र थांबली नाही. आता तो बारा वर्षांचा होईल आणि त्याचे पाय माझ्या पायांएवढे लांब आहेत. तुम्ही म्हणायचात, मुलं मोठी होतात आणि आपण म्हातारे होतो, या धंद्यात दोन्ही एकाच वेळी होतं. गेल्या दिवाळीच्या आधी मी त्याला उभं राहायच्या लाकडी फ्रेममधून काढून चटईवर घेत होते. छातीशी, गुडघ्यात वाकून, सगळं बरोबर. आणि डावा पाय नव्हताच तिथं. पाऊल घासलं, वळलं, आणि आम्ही दोघं गेलो. एवढं सुचलं की मी खाली यावं. तो माझ्यावर पडला. त्याला काही झालं नाही. तो हसत होता, त्याला तो खेळ वाटला. त्याची आई भिंतीशी उभी होती. ती धावत आली आणि तिनं आधी त्याला नाही, मला धरलं. "दीदी, उठिए. दीदी?" मला उठता येत नव्हतं.

सर्जन तरुण होते, चांगले होते. फिल्म उजेडावर लावून त्यांनी बोट ठेवलं. मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली होती, बरीच जुनी. "ऑपरेशन करू. दुखणं जाईल. पाऊल परत येईल का, सांगू शकत नाही. तुम्हाला हे कळायला हवं होतं, तुम्ही याच लाइनमधल्या." मग त्यांनी विचारलं, "आईला, वडिलांना असं काही होतं?" मी म्हटलं, आईला नव्हतं, माझ्या मॅडमना होतं. ते लिहिता लिहिता थांबले. नंतर मी विचारलं, किती वजन उचललेलं चालेल. ते म्हणाले, "मुलं? शून्य धरा."

घरी येताना नवरा गाडी चालवत होता. तो कशेळीला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, तुम्हाला आठवत असेल, लग्नात तुम्ही त्याला म्हणाला होतात की हिला घरी काही उचलायला लावू नकोस. स्टेअरिंगवर हात ठेवून तो एकदम बोलला, "आमच्याकडे खोक्यावर वजन छापलेलं असतं. ठरल्यापेक्षा जास्त असलं की दोघांनी धरायचं, नाहीतर ट्रॉली. एकट्यानं उचललं तर मी शिव्या घालतो. तुमच्याकडे शिव्या घालायला कोण आहे?" मी म्हटलं, होत्या एक.

ऑपरेशनच्या आधी मी आयांना बोलावून घेतलं. मी खुर्चीत बसून सांगणार आणि त्या करणार, असं ठरवलं. त्या मुलाच्या आईला म्हटलं, आता तुलाच याला उचलायचंय, नीट शीक. ती माझ्याकडे बघत राहिली. "दीदी, हम तो उठा ही रहे हैं." खरंच होतं. मी दिवसातून थोडा वेळ उचलत होते. ती सकाळी संडासला, अंघोळीला, जेवायला, जिन्यावर, रिक्षात, रात्री कूस बदलायला. तिनं उचलून दाखवलं, आणि खाली ठेवताना तिचा हात कमरेवर गेला. मी विचारलं, कब से? "ये हुआ तब से." पैर में जाता है? तिनं नुसती उजवी पोटरी चोळली. मी उठले, तिला खिडकीच्या गजांपाशी नेलं आणि म्हटलं, टाचांवर उभी राहा, पंजे वर. तिला कळेना म्हणून मी करून दाखवायला गेले आणि विसरले की माझं काय झालंय. माझा उजवा पंजा वर आला, डावा नाही. तिनं माझं बघून केलं. तिचा डावा वर आला, उजवा थरथरला आणि खाली पडला. पुन्हा केलं. पुन्हा पडला. आम्ही दोघी गज धरून उभ्या, एकमेकींच्या पायांकडे बघत. चटईवरून तिचा मुलगा आम्हाला बघून खदखदून हसला आणि तिलाही हसू फुटलं. "दीदी, आपका लेफ्ट, मेरा राइट. दोनों मिलाके एक हो जाएगा." मला हसता आलं नाही. तिची कंबर जुनी असली तरी पावलाचं नवं होतं. तिचं पाऊल वाचण्यासारखं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. सरकारी हॉस्पिटल, ओळखीचे डॉक्टर, चिठ्ठी, मी स्वतः येते. तिनं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ऑपरेशननंतर किती दिवस उचलायचं नाही. मी तीन महिने म्हटलं. खोटं बोलले, खरं तर कधीच नाही. ती तीन महिन्यांनाच मान हलवायला लागली. "इसका बाप रात की पाली में रहता है, दिन में सोता है. गाँव से कोई आएगा नहीं. तीन महीना ये कहाँ रहेगा दीदी?" मी ट्रस्टकडे विचारलं, मुलांना ठेवून घेणाऱ्या दोन संस्थांना फोन केले. एवढं मोठं, एवढं अपंग मूल घेत नाहीत. मी तिला परत बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "देखेंगे." हा शब्द आपण दोघींनीही खूप वेळा वापरलेला आहे.

माझं ऑपरेशन झालं. पायातलं दुखणं गेलं, कंबर अजून अधूनमधून धरते, पाऊल आलं नाही. आता मला स्प्लिंट आहे, घोट्यामागून तळव्यापर्यंत जाणारी प्लास्टिकची, तीच जी आपण मुलांना बसवतो. त्या बनवणाऱ्या त्याच माणसानं माप घेतलं. आजवर मी मुलांचे पाय धरायचे आणि तो मापं घ्यायचा, आता मला म्हणाला, "मॅडम, पाय सैल सोडा," आणि आम्ही दोघं ओशाळलो. मुलांना मात्र कौतुक. मी पहिल्या दिवशी गेले तर सगळ्यांनी स्वतःचे पाय पुढं करून दाखवले. एकानं विचारलं, "ताई, तुला पण रंगीत पट्टा पाहिजे का?" मी त्याच्यासारखा निळा लावून घेतला. ट्रस्टनं मला काढलं नाही. त्यांनी मला टेबल दिलं. मी आता कामाला आलेल्या नव्या मुलींना शिकवते, फोन घेते, खुर्चीतून ओरडते. त्या "हो मॅडम" म्हणतात आणि कमरेत वाकतात. मी चापट मारत नाही. माझा हात तिथपर्यंत पोचत नाही.

तो मुलगा येईनासा झाला. फोन केला की आई म्हणायची, तबियत ठीक नहीं, अगले हफ्ते. मग फोन लागेना. आज सुट्टी होती म्हणून मी शेअर रिक्षानं त्यांच्या वस्तीत गेले. कारखान्याच्या मागं एक ओळ खोल्यांची, तळमजला, तेवढं बरं. दार उघडंच होतं. ती मला बघून आत पाणी आणायला गेली आणि तिची चाल मला आधी ऐकू आली. एक पाय टेकत होता आणि एक फट्कन आपटत होता. मुलगा खाटेवर होता. मी त्याचे पाय हातात घेतले. गुडघे उघडेनात, मॅडम. इतकी वर्षं रोज थोडे थोडे उघडत आणलेले, काही महिन्यांत परत पोटाकडे. मी ताणून बघितलं तर त्याचे डोळे भरले आणि तरी तो माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता.

कपाटावर देवाच्या तसबिरीशेजारी गोळ्यांची पट्टी होती. तुमचीच ती, वेष्टणाचा रंग बदललाय फक्त. मी तिला सगळं सांगितलं, अगदी स्पष्ट, माझ्या मॅडम यानंच गेल्या म्हणून सांगितलं, किडनी खराब होते, मशीनवर जावं लागतं. ती पदरानं हात पुसत ऐकत होती. मग समजावल्यासारखं म्हणाली, "वो तो बाद में होगा ना दीदी. इसको अभी नहाना है." यावर तुमच्याकडे काय उत्तर होतं? तुमच्याकडे असतं तर तुम्ही स्वतःला दिलं असतं. मी तिला चादरीवर घेऊन सरकवायचं दाखवलं, गोळी जेवणानंतरच घे म्हटलं, पाणी भरपूर पी म्हटलं. जे एका हरलेल्या माणसानं सांगायचं असतं ते सगळं सांगितलं.

निघायला लागले तेव्हा मुलानं दोन्ही हात वर केले. सेंटरवर तास संपला की तो असंच करायचा आणि मी त्याला आईच्या कडेवर द्यायचे. त्याला शब्द येत नाहीत, हे येतं. मी खाटेच्या कडेवर बसले होते, तो हाताच्या अंतरावर. त्याचे हात थरथरत होते, तरी त्यानं खाली घेतले नाहीत. मी म्हटलं, "बेटा, दीदी नहीं उठा सकती." त्याला ते कळलं नाही, का कळलं, मला माहीत नाही. तो वाट बघत राहिला. मग हात आपोआप खाली आले. त्याची आई पुढं झाली, वाकली, कमरेतूनच वाकली, आणि त्याला उचलून मोरीकडे घेऊन गेली. मी बसून राहिले. तिला म्हणायला तोंडाशी आलं होतं, गुडघ्यात वाक. म्हटलं नाही.

घरी आले, जेवले. हे पत्र लिहायला बसले ते रडू येईल म्हणून, पण रडू आलं नाही. हे कुणाला दाखवणार नाही, नवऱ्यालासुद्धा नाही, आणि ते शेवटच्या ओळीमुळं. मी त्या मुलाला उचललं नाही, मॅडम, आणि आज दिवसभर माझी कंबर दुखली नाही. दुपारी मी बिछान्यावर सरळ पडले तेव्हा कुठंच काही ओढत नव्हतं, आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी झोपून गेले.